साखरपुडा झालाय, दोघांचे जुळणारे डीपी हवेत. ती पुण्यात, मी कोल्हापुरात

रंकाळ्यावरचा

नमस्कार मंडळी. लग्न मार्गशीर्षात आहे. तोवर दोघांनी व्हॉट्सॲपला एकमेकांशी जुळणारे डीपी ठेवायचं ठरलंय. नेटवर मिळणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या बदामाच्या आणि कार्टूनच्या जोड्या नकोत, त्या शंभर जणांनी लावलेल्या असतात. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी ग्रुपवर आहेत, तेव्हा गळ्यात गळेही नकोत.

साखरपुड्यातला एक बरा फोटो आहे, दोघं शेजारी उभे. तो मधोमध कापला तर तिचा अर्धा कान माझ्या भागात येतो. गोलात माझं डोकं वरून छाटलं जातं आणि तिच्या डोक्यावर मात्र हातभर भिंत. उंचीत आठ इंचांचा फरक आहे. तिचा आयफोन, माझा अँड्रॉइड. दिवाळीत ती येईल, त्याआधी एकत्र फोटो होणार नाही. आत्ता वेगवेगळे काढून जुळवता येतील का? आणि दिवाळीत काढायचे तर कुठे, कसे?

फोकस_राजारामपुरी

कान का येतो ते आधी बघू. डीपी लावताना चौकोन घेतात, दिसतो त्यातला गोल. जोडीचा फोटो कापायचा म्हणजे शेजारी-शेजारी दोन चौकोन, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद पट्टी. प्रत्येकाचं डोकं आपापल्या चौकोनाच्या मध्यावर यायला हवं. पट्टीच्या डाव्या कडेपासून एक पावावर, दुसरं पाऊणावर.

आता मापं घाला. डोकं केसांपासून हनुवटीपर्यंत साधारण २३ सेंटीमीटर. ते गोलाच्या निम्म्या उंचीएवढं दिसावं असं धरलं तर चौकोन ४५ सेंटीमीटरचा झाला. मग दोघांच्या नाकांमधलं अंतरही ४५ च हवं. खांद्याला खांदा लावून, मान सरळ ठेवून उभं राहिलं की साधारण तेवढंच पडतं. पण साखरपुड्यात फोटोग्राफर हमखास सांगतो, "जरा जवळ, डोकं इकडं." डोकी कलली की अंतर २५ वर येतं आणि कापायला जागाच राहत नाही. तुमच्या फोटोत हेच झालंय. हे नंतर कुठल्याही ॲपनं निस्तरत नाही.

उंचीचं गणितही याच चौकोनात बसवा. आठ इंच म्हणजे २० सेंटीमीटर. तुमचे डोळे मध्यावर आणले की तिचे डोळे गोलाच्या पार तळाशी जातात. याचा इलाज कॅमेऱ्यात नाही, पायाखाली आहे. घाटाची पायरी सहा-सात इंचांची असते, तिला एका पायरीवर उभं करा. उरलेला एक-दोन इंच तसाच असू दे, डोकी अगदी एका रेषेत आणली की पासपोर्टचे फोटो वाटतात.

गोलामुळं चौकोनाचा साडेएकवीस टक्के भाग जातो, आणि तो सगळा कोपऱ्यांतला. १०८० पिक्सेलच्या चौकोनात गोल काढला तर त्या गोलात पुरता मावणारा आतला चौकोन साधारण ७६० चा भरतो. चेहरा, गजरा, फेट्याचा तुरा, जे दिसायलाच पाहिजे ते या ७६० मध्ये. फेटा असेल तर तुऱ्यासकट उंची मोजा. ती सहज ४० सेंटीमीटरच्या आसपास जाते, मग ४५ चा चौकोन पुरत नाही, ६० चा धरावा लागतो आणि चेहरा लहान होतो. डीपीसाठी फेटा बांधायचा तर तुरा आखूड ठेवा. मात्र कोपरे गोलात दिसत नाहीत म्हणून तिथं कचरा ठेवू नका. डीपीवर टिचकी मारली की पूर्ण चौकोन उघडतो आणि मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या सगळ्या नातेवाइकांना दिसतात.

एवढं सगळं जमलं तरी माझं मत कापण्याच्या विरोधातच आहे. चॅटच्या यादीत डीपी एकाखाली एक येतात, शेजारी-शेजारी येत नाहीत. ग्रुपवरही तेच, आणि तिथं तुमच्या दोघांच्या मध्ये मामा, आत्या आणि शुभ सकाळची फुलं. डावा-उजवा तुकडा तिथं कधीच जुळत नाही. हात धरलेला फोटो कापला तर एकाच्या डीपीत नुसता कोपरापासूनचा हात लोंबकळतो. त्यापेक्षा दोन स्वतंत्र फोटो घ्या. प्रत्येक एकटा बघितला तरी पुरा वाटावा आणि दुसरा दिसला की जोडी लक्षात यावी. पार्श्वभूमी, प्रकाश, अंतर आणि चेहऱ्याचा आकार, या चार गोष्टी सारख्या ठेवल्या की ते होतं.

आणखी एक, लोक एकमेकांकडं बघतानाचे फोटो घेतात. यादीत एकाखाली एक आल्यावर एक डावीकडं बघतोय, एक उजवीकडं, भांडण झाल्यागत दिसतं. दोघांनीही एकाच बाजूला थोडं वळून बघा.

नाद_खुळा

भावा, तोंडं दाखवायचीच कशाला? एकानं तांबडा रस्सा लावा, एकानं पांढरा. वाटी गोल, डीपी गोल. कोल्हापूरकराला सांगायला लागत न्हाई की हे दोन जोडीनंच येतंय.

थट्टा न्हाई, फक्त काढायची रीत हाय. दोन्ही वाट्या एका मापाच्या घे. स्टीलच्या नकोत, स्टीलच्या कडेत तुझा हात आणि ट्यूबलाइट दोन्ही दिसतंय. चिनी मातीच्या पांढऱ्या बऱ्या. खिडकीपाशी काळ्या पाटावर ठेव, घरातली लाइट बंद, फ्लॅश बंद. मोबाईल बरोबर डोक्यावर धर, जरा तिरका झाला की वाटी लंबगोल येतीय. वाटीची कड चौकोनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठेव, चौकोन पुरा भरलास तर गोलात कड कापली जातीय आणि वाटी हाय का कढई तेच कळत न्हाई. रस्सा काठाच्या जवळ भर, खाली राहिला की वाटीचीच सावली आत पडतीय.

आता चुकतंय कुठं ते ऐक. मोबाईल उजेड आपल्या मनानं ठरवतोय. समोर सगळं पांढरं आलं की तो उजेड कमी करतोय, आणि पांढरा रस्सा राखाडी येतोय. स्क्रीनवर बोट दाबून धर, फोकस लॉक झाला की बाजूचं उजेडाचं चिन्ह, तो सूर्य, वर सरकव, +०.७ ते +१ पर्यंत. तांबड्याला उलटं, −०.३ ते −०.७. न्हाईतर नुसता लाल ठिपका दिसतोय, वरचा तवंग आणि कोथिंबीर काय बी कळत न्हाई. वाफ निघताना काढू नको, भिंगावर धुकं धरतंय. पार गार पण करू नको, तांबड्यावरची चरबी थिजतीय आणि पांढऱ्यावर साय धरतीय. आणि फोटोसाठी म्हणून पांढरा परत खळाखळा उकळू नको, नारळाचं दूध फुटलं की वरनं कण दिसतंय.

काठपदर

रश्श्याची कल्पना झकास आहे, पण व्याह्यांकडं कोणी माळकरी असेल तर आधी विचारून घ्या. कोल्हापुरी चपलेचा एकेक पाय लावायची कल्पनाही मधून मधून कोणीतरी काढतं. दिसायला छान, पण सासूबाईंच्या मोबाईलवर जावयाच्या नावापुढं चप्पल येते, तेवढं लक्षात ठेवा. वस्तूच हवी असेल तर तिचा गळ्यातला कोल्हापुरी साज आणि तुमचा फेटा. त्यातही साज पुरा घेऊ नका. त्यात २१ पानं असतात, चॅटच्या यादीत डीपी जेमतेम आठ मिलिमीटरचा दिसतो, तिथं नुसती पिवळी रेघ येते. मधली तीन-चार पानंच जवळून घ्या. खिडकीचा प्रकाश एका बाजूनं, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा धरा, म्हणजे सोन्याची अंधारातली बाजू काळी पडत नाही.

चेहऱ्यांचे वेगवेगळे काढणार असाल तर तेही होतं. न जुळण्याचं मोठं कारण अंतर असतं. एकाचा सेल्फी हातभर लांबून, दुसऱ्याचा मागच्या कॅमेऱ्यानं सहा फुटांवरून. जवळून काढलेल्यात नाक पुढं येतं, कान मागं सरतात, गाल अरुंद होतात. मग कितीही फिल्टर चढवा, ते दोन फोटो एका जागचे वाटत नाहीत. दोघांनीही मागचा कॅमेरा, दोन पट झूम, सहा फूट अंतर, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर. काढायला कोणी नसेल तर कशाला तरी टेकवून १० सेकंदांचा टायमर. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. मागचा धूसरपणा प्रत्येक मोबाईलचा निराळा असतो, शिवाय तो झुमके आणि मोकळे केस खातो. तुमच्या अँड्रॉइडचा ब्यूटी मोड शून्यावर, तिच्या आयफोनची फोटोग्राफिक स्टाइल स्टँडर्डवर.

पार्श्वभूमीला काळा दगड घ्या. तुमच्याकडं भवानी मंडप आहे, पंचगंगेचा घाट आहे, तिच्याकडं पाताळेश्वर. दोन्हीकडं बसाल्टच, फोटोत दगड एकाच भिंतीचा वाटतो. भिंतीपासून चार-पाच फूट पुढं उभं राहा, सावलीत पण उघड्या आकाशाकडं तोंड करून. दुपारी नको, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. काळ्या दगडापुढं मोबाईल उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो, तेव्हा पांढऱ्या रश्श्याच्या उलट इथं दोघांनीही सूर्य थोडा खाली ओढायचा, −०.३ ते −०.७.

कपडे एकसारखे नकोत, बँडवाल्यांचा गणवेश वाटतो. एकच रंग दोघांत वाटून घ्या. तिच्या साडीच्या काठाचा जो रंग तोच तुमच्या कुर्त्याचा. बारीक चौकडी किंवा बारीक रेघांचं काही घालू नका, लहान आकारात ते लुकलुकतं.

आणि कोणी सेल्फीच वापरणार असेल तर आधी फोटो उलटा आलाय का बघा. पुढचा कॅमेरा काही मोबाईलमध्ये आरशासारखा फोटो साठवतो. मग पदर उजव्या खांद्यावर जातो, नथ उजव्या नाकपुडीत दिसते. बाकी कोणाच्या लक्षात येवो न येवो, सासूबाईंच्या पहिल्या नजरेत येतं. एडिटमध्ये जाऊन आडवा पलटला की सरळ होतो. आयफोनला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मिरर फ्रंट कॅमेरा' बंद करून ठेवता येतं.

रंकाळ्यावरचा

सगळ्यांचे आभार. रस्सा बाद, तिचे आजोबा माळकरीच आहेत. काळ्या दगडाचं करतो. दोन शंका. फोटो एकमेकांना पाठवून एकसारखे एडिट करायचे म्हटलं तर पाठवतानाच मऊ पडतात. आणि मी डीपी 'माझे संपर्क' वर ठेवलाय, तर तिच्या मामी म्हणतात, तुमचा फोटोच दिसत नाही. ब्लॉक केलं की काय, असा निरोप आलाय!

शिवाय आईला साखरपुड्याचाच फोटो कापलेला हवाय. तिची समजूत घालतोय, पण कसं कापायचं तेही सांगून ठेवा.

चौथी_गल्ली

मामींचं आधी मिटवा, ते तातडीचं आहे. 'माझे संपर्क' म्हणजे ज्यांचा नंबर तुमच्या मोबाईलमध्ये सेव्ह आहे ते. त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला असून उपयोग नाही. मामींचा नंबर तुम्ही सेव्ह करा, थोड्या वेळात राखाडी बाहुलीच्या जागी फोटो येईल. लग्नघरात हे फार होतं, समोरचे सगळे नवे नंबर असतात. दोघांनी बसून एकमेकांच्या जवळच्या नातेवाइकांचे नंबर एकदाच सेव्ह करून टाका. 'सगळे' वर ठेवण्याची गरज नाही, विशेषतः तिचा. ऑफिसमधल्या कोणाला दाखवायचं नसेल तर 'काही जण सोडून माझे संपर्क' हा पर्याय २०२२ पासून आहे. दुसऱ्याच्या डीपीचा स्क्रीनशॉट घेणं व्हॉट्सॲपनं २०२४ मध्ये अँड्रॉइडवर अडवलं, पण शेजारच्या मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढायला कोण अडवतंय? नको तिथं जाईल अशी धास्ती असेल तर चेहऱ्याऐवजी साज-फेटा बरा. दुकानाचा नंबर असेल तर त्यावर जोडीचा डीपी लावू नका, गिऱ्हाइकाला तिथं पाटी दिसू दे.

फोटो मऊ पडतात कारण नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून पाठवतं, आणि डीपी लावताना पुन्हा दाबून ६४० पिक्सेलच्या आसपास आणतं. दोनदा दाबलं की केस आणि पापण्या जातात. पाठवताना पिनेच्या (आयफोनवर अधिकच्या) चिन्हातून डॉक्युमेंट निवडून फाइल पाठवा, मूळ जशीच्या तशी जाते. आयफोनवर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवलं तर साधी जेपेग मिळते, तुमच्याकडं उघडायची कटकट नको. एडिट एकानंच करा. दोघांनी वेगवेगळ्या ॲपमध्ये केलं की एकाची कातडी पिवळी, एकाची गुलाबी. दोन्ही फोटो एकाच मोबाईलवर घ्या, एकाचा चेहरा मनासारखा झाला की तीच एडिट दुसऱ्यावर चढवा. लाइटरूममध्ये सेटिंग कॉपी-पेस्ट होतात, आयफोनच्या फोटोजमध्येही कॉपी एडिट्स आहे. मग फक्त उजेड थोडा मागं-पुढं.

लाल रंगाचं एक सांगतो, कारण लग्नाच्या फोटोत तो असतोच. जेपेगमध्ये उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण राहतो, रंगाचा बहुधा निम्म्या बारकाईनं साठवला जातो. लाल आणि निळ्यात ते सगळ्यात जास्त दिसतं. लाल काठाची नक्षी पसरते, गोलाभोवती हौसेनं लावलेली बारीक लाल कड फेसाळते. कड लावायचीच तर १०८० च्या चौकोनात किमान ४० पिक्सेल जाड आणि फिक्या रंगाची. खरं सांगायचं तर लावूच नका, व्हॉट्सॲपच्या गोलाशी ती कधी बरोबर एकमध्य बसत नाही, एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक.

आईंसाठी: कॅन्व्हामध्ये १०८० बाय १०८० ची दोन पानं घ्या. फोटो २१६० रुंद करा. पहिल्या पानावर एक्स ० ठेवा, दुसऱ्यावर एक्स उणे १०८०, वाय दोन्हीकडं तोच. संगणकावर पोझिशनमध्ये हे आकडे थेट टाकता येतात, मोबाईलवर बोटानं सरकवत बसू नका, दोन-चार पिक्सेल चुकतातच. पण तुमच्या फोटोत डोक्यांमध्ये अंतरच नाही, त्यामुळं असं सरळ कापून कान येणारच. त्यापेक्षा त्या एकाच फोटोतून दोन वेगळे चौकोन घ्या, प्रत्येकाचा चेहरा मध्यावर धरून. मधला भाग दोन्हीत येऊ दे. तिच्या डीपीत तुमचा खांदा, तुमच्या डीपीत तिचा. एकाचा दुसऱ्यावर पडलेला भाग चालतो, तुटलेला कान चालत नाही. चौकोन दोन्हीचा सारख्याच मापाचा ठेवा, तिचा चौकोन थोडा खाली सरकवून घ्या, म्हणजे डोक्यावरची हातभर भिंत जाते आणि उंचीचा प्रश्नही सुटतो.

फोकस_राजारामपुरी

वरचा उपाय बरोबर आहे, आईंना तोच द्या.

दिवाळीतल्यासाठी रंकाळा म्हणाल तर वेळ नीट धरा. चौपाटीकडून तळं पश्चिमेला येतं. संध्याकाळी पाण्याकडं पाठ करून उभं राहिलात की सूर्य पाठीमागं आणि चेहरे काळे, आणि नेमकी तेव्हाच सगळी गर्दी. चेहरे हवे असतील तर सकाळी सात ते आठ. सूर्य पूर्वेकडून तोंडावर येतो, मऊ असतो, मागं पाणी आणि पलीकडं शालिनी पॅलेस. आठनंतर डोळे बारीक व्हायला लागतात.

संध्याकाळी काढायचंच तर छायाकृती काढा, घरच्यांच्या दृष्टीनं तेही सोवळंच. एकेकट्याची, बाजूनं, नाक-हनुवटीची रेघ स्पष्ट येईल अशी. अंबाडा असेल तर मान मोकळी दिसते, मोकळ्या केसांत मान हरवते आणि नुसता काळा गोळा राहतो. आकाशावर बोट दाबून लॉक करा, −१ पर्यंत खाली. मोबाईल एका जागी टेकवून ठेवा आणि माणूस बदला, मोबाईल हलवू नका. दिवाळीच्या सुमारास सहाच्या आसपास सूर्य बुडतो, आणि तो आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा दोन-सव्वादोन मिनिटांत खाली उतरतो. पहिल्याचा काढून साडी नीट करत बसलात तर दुसऱ्याच्या मागचं आकाश नारिंगीचं जांभळं झालेलं असतं. जागा आधी ठरवा, फरशीवर खडूनं पावलांची खूण करा.

एक दिवस हातात असेल तर खिद्रापूरला जा. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाला छताच्या मध्यावर साधारण १३ फुटांची गोल मोकळी जागा आहे, वर थेट आकाश. मोबाईल खालच्या गोल शिळेवर उताणा ठेवा, पुढचा कॅमेरा वर, टायमर १० सेकंद. एकानं एका बाजूनं वाकून बघायचं, मग मोबाईल न हलवता दुसऱ्यानं त्याच बाजूनं. मागं दोघांच्याही तोच दगडी गोल, डीपीच्या गोलात बसलेला. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा, मधल्या वेळी आकाश इतकं उजळ असतं की चेहऱ्यावर लॉक केलं तर आकाश कागदासारखं कोरं पडतं. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. ट्रायपॉड नेऊ नका, पुरातत्त्व खात्याची वास्तू आहे, त्याला परवानगी लागते. शिळेवर ठेवलेल्या मोबाईलला ती लागत नाही, फक्त सुट्टीच्या दिवशी गर्दीत कोणाचा पाय पडेल ते बघा. कार्तिकी पौर्णिमेला तर जाऊच नका फोटोसाठी, उभं राहायला जागा मिळत नाही.

काठपदर

खिद्रापूरला वाकून काढणार असाल तर पदर आणि साज पिनेनं आत घ्यायला सांगा, खाली वाकलं की दोन्ही थेट भिंगासमोर लोंबतात. आणि तो पुढचा कॅमेरा आहे, घरी आल्यावर नथ कुठल्या बाजूला आलीय ते बघून मगच लावा.